शर्यत सोडली म्हणजे लगेच कोच होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून स्वीडनला आलो. अकरा वर्षांची मुलगी गावातल्या स्की क्लबात जाते. तिथले एक कोच पूर्वी राष्ट्रीय संघाकडून खेळलेले आहेत. दुसऱ्या बाई शाळेत गणित शिकवतात, त्या कधी मोठी शर्यत खेळलेल्या नाहीत. मुलीला कोणाच्या गटात घालावं? आणि इथे खेळाडूचा कोच होतो तरी कसा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. तिच्या मैत्रिणी ज्या गटात आहेत त्यात घाला. अकराव्या वर्षी कोच कोण आहे यापेक्षा थंडीत पुन्हा यावंसं वाटतं का, हे महत्त्वाचं. दुसरा प्रश्न मात्र माझ्या आवडीचा आहे, त्यावर जरा लांबण लावतो. (इथे स्की म्हणजे क्रॉस-कंट्री: डोंगरावरून नुसतं खाली घसरायचं नाही, काठ्यांच्या मदतीने बर्फावरून चढ-उताराचं लांब अंतर कापायचं.)

आधी माझी पायरी सांगून टाकतो. मी नाशिकचा. नोकरीनिमित्त स्वीडनच्या दालार्ना प्रांतात आलो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा स्कीवर उभा राहिलो. म्हणजे उभा राहिलो म्हणायचं, प्रत्यक्षात पाच-पाच वर्षांची पोरं शेजारून सुळकन जात होती आणि मी बसलेला होतो. मुलगा क्लबात जायला लागला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे बापालाही काम चिकटलं. आधी शर्यतीच्या दिवशी सॉसेज भाजायचं, मग घड्याळ धरायचं, मग वॅक्सिंग (स्कीच्या तळाला मेण लावायचं काम), मग स्की संघटनेचे कोचिंगचे कोर्स, मग तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा गट. सतरा वर्षं झाली. तेव्हा मी त्या गणिताच्या बाईंच्या जातीचा आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

माझ्याबरोबर गट सांभाळणारा माझा मित्र मात्र दुसऱ्या टोकाचा. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. लहान गावातला, स्की-जिम्नॅशियममध्ये शिकलेला. ही इथली खास सोय: अकरावी-बारावीच्या वयाची मुलं शाळाही करतात आणि वेळापत्रकात बसवून सरावही, आणि तिथला कोच हा पगारी शिक्षक असतो. पुढे तो काही वर्ल्ड कप शर्यती खेळला (इथे वर्ल्ड कप म्हणजे हंगामभर चालणारी शर्यतींची मालिका). पदक नाही. तिसाव्या वर्षी थांबला. एक हिवाळा वॅक्सच्या गाडीत काढला, मग क्लबात आला. आल्या आल्या त्याला वाटलं, कोच झालो. मला वाटतं तो कोच झाला त्यानंतर चार वर्षांनी.

कारण सांगतो. पहिल्या महिन्यात एका मुलीने त्याला विचारलं, डबल पोलिंग करताना जोर नक्की कुठून लावायचा? (दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलायचं, ते डबल पोलिंग.) तो म्हणाला, "हातांनी खेच." आणि करून दाखवलं. सुंदर. मुलीने हातांनी खेचलं आणि वीस मीटरवर तिचे दंड भरून आले. मी फोनवर दोघांचं चित्रण केलं आणि संध्याकाळी वॅक्सच्या खोलीत त्याला दाखवलं. काठ्या रोवताना तो टाचा उचलून उंच होत होता, मग अख्खं वजन काठ्यांवर सोडत होता, पोट आवळत होता. हात सगळ्यात शेवटी. तो स्वतःकडे बघत बसला. "मी असं करतो?" वीस वर्षं रोज करत होता आणि सांगत होता भलतंच.

यात त्याचा दोष नाही. शरीराला जे येतं ते तोंडाला माहीत असतंच असं नाही. आपल्याकडे उत्तम भाकरी थापणाऱ्या आजीला विचारा, पाणी किती घालायचं. "लागेल तेवढं." एस्टरसुंडचे संशोधक हान्स-क्रिस्टर होल्मबेर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली अव्वल स्कीपटूंच्या डबल पोलिंगचं मोजमाप प्रसिद्ध केलं, तेव्हा पाय आणि धड यात किती काम करतात ते आकड्यांत आलं. तोवर बरेच जण याला हातांचंच काम समजत होते. पुढे याच तंत्राने लांब शर्यतींचं रूप पालटलं. सेलेन ते मोरा ही 90 किलोमीटरची वासालोपेत शर्यत 1922 मध्ये एर्न्स्ट आल्मने 7 तास 32 मिनिटांत जिंकली होती. योर्गेन ब्रिंकने 2012 मध्ये ती 3 तास 38 मिनिटांत संपवली. बर्फाची निगा, स्की, काठ्या, सगळं सुधारलं हे खरंच. पण आज पुढचे लोक त्या अंतरात पायाने रेटतच नाहीत, पकडीचं वॅक्सही (पाय रेटताना स्की मागे घसरू नये म्हणूनचं चिकट मेण) लावत नाहीत, सुरुवातीच्या चढापासून मोऱ्यापर्यंत नुसत्या काठ्या. वीस वर्षांपूर्वीचा चॅम्पियन आज कोच म्हणून उभा राहिला तर त्याने जिंकलेलं तंत्र आणि त्याला शिकवायचं तंत्र यांत एवढं अंतर असू शकतं.

हे एकदा नाही, दोनदा घडलंय. 1980 च्या दशकात स्केटिंगची पद्धत आली. तोवर स्की रुळांसारख्या दोन समांतर खाचांतून जायच्या. अमेरिकेच्या बिल कॉकने एक स्की बाजूला मारत जाण्याची चाल वर्ल्ड कपमध्ये आणली, 1985 च्या सीफेल्डच्या विश्वस्पर्धेपर्यंत तिने मैदान मारलं, आणि मग आंतरराष्ट्रीय संघटनेला शर्यतींचे दोन प्रकारच करावे लागले, क्लासिक (जुनी, खाचांतली चाल) आणि फ्रीस्टाइल (स्केटिंग चालतं ती). त्या उलथापालथीत ज्याने सगळ्यात जास्त कमावलं तो दालार्नाचाच गुंडे स्वान. 1984 च्या सारायेवो ऑलिम्पिकमध्ये 15 किलोमीटर आणि रिलेचं सुवर्ण, चार वर्षांनी कॅलगरीत फ्रीस्टाइलच्या 50 किलोमीटरचं आणि पुन्हा रिलेचं, वर्ल्ड कपची एकूण विजेतेपदं पाच. पण मला त्याची पदकांपेक्षा ती काठी आवडते. स्केटिंगच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याने दोन काठ्यांऐवजी होडी वल्हवतात तशी एकच लांब काठी घेऊन बघितली! नियम करणाऱ्यांनी लगेच दार लावलं. हसू येतं, पण विचार करा, जगातला सर्वांत वेगवान माणूस स्वतःची जिंकणारी पद्धत मोडून बघत होता. त्याची झोप, जेवण, सामान, सगळं तो असंच तपासायचा म्हणतात. हा माणूस खेळतानाच स्वतःचा कोच होता. निवृत्तीनंतर मात्र तो रॅलीक्रॉसच्या गाड्या आणि टीव्हीचे कार्यक्रम यांत गेला.

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे येतो. ज्या गुणाने स्कीपटू मोठा होतो तोच गुण त्याला वाईट कोच बनवू शकतो. या खेळात वर जायचं तर वर्षाला सातशे ते नऊशे तास सराव लागतो. उन्हाळ्यात चाकांच्या स्कीवर डांबरी रस्त्याने, पावसात काठ्या घेऊन टेकडीवर उड्या मारत. या उड्यांना इथे मूस नावाच्या मोठ्या सांबराच्या चालीचं नाव आहे, आणि मुलं त्या मारताना दिसतातही तशीच. यातले बहुतेक तास संथ असतात, गप्पा मारता येतील इतके. उरलेल्यात मात्र शरीर ओरडत असतं आणि खेळाडू ते ऐकत नाही. न ऐकण्याचाच सराव असतो तो. कोचचं काम बरोबर उलटं, दुसऱ्याच्या शरीराचं ओरडणं ऐकायचं आणि तेही तो स्वतः लपवत असताना.

पेर एलोफसनची गोष्ट प्रत्येक कोर्सनंतर कॉफीच्या टेबलावर कोणीतरी काढतोच. उमेओजवळचा मुलगा. 2001 च्या लाहतीच्या विश्वस्पर्धेत दोन सुवर्णं, सलग दोन हंगाम वर्ल्ड कपचा विजेता. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीचं ऑलिम्पिक, पहिल्याच दिवशी 30 किलोमीटर, सगळ्यांची एकत्र सुरुवात. स्पेनकडून खेळणारा योहान म्युलेग सुटला. त्याच्या पाठोपाठ जायची हिंमत एलोफसनने केली. उंचावरची जागा, पातळ हवा. तो तुटला आणि शर्यत सोडून बाजूला झाला. सगळ्या स्वीडनने ते टीव्हीवर पाहिलं. म्युलेग नंतर रक्तातला ऑक्सिजन वाढवणाऱ्या औषधासाठी पकडला गेला, पुढे त्याची तिन्ही सुवर्णं काढून घेतली गेली, आणि दुसऱ्या एका शर्यतीचं कांस्य उशिरा एलोफसनच्या पदरात पडलं. म्हणजे तो ज्याच्या मागे धावला तो वेग माणसाचा नव्हताच.

इथे लोक सरळ म्हणतात की त्या दिवशी त्याची कारकीर्द संपली. मला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी इटलीतल्या वाल दी फिएम्मेत त्याने पुन्हा विश्वस्पर्धेचं सुवर्ण घेतलं. पण 2004 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी तो थांबला, ज्या वयात लांब अंतराचा स्कीपटू खरा पिकायला लागतो. एका शर्यतीने माणूस मोडत नाही. मोडतो तो आधी आणि नंतर "अजून थोडं" म्हणत साठवलेल्या थकव्याने. पुढे तो टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बोलायला लागला. दमलेल्या खेळाडूबद्दल तो बोलतो तेव्हा ते अनुभवाचे बोल आहेत, हे ऐकणाऱ्याला कळतं.

त्याच वाल दी फिएम्मेत, 2003 च्या रिलेत, स्वीडन आघाडीवर असताना शेवटचा टप्पा योर्गेन ब्रिंककडे होता. तो मधेच रिकामा झाला, अक्षरशः चालल्यासारखा, आणि सुवर्णाचं कांस्य झालं. दबाव झेपला नाही, असं देश म्हणाला. नंतर कळलं की त्याच्या हृदयाचे ठोके बिघडायचे. उपचार झाले आणि त्याच माणसाने 2010, 2011, 2012 अशा तीन वासालोपेत जिंकल्या.

हे मला बोचतं, कारण मी हेच केलंय. आमच्या गटात एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. नोव्हेंबरपासून तो मागे पडायला लागला. मी त्याला दोनदा चारचौघांत म्हणालो, "डोक्यात आहे तुझ्या, पायात नाही." त्याची आई त्याला तपासायला घेऊन गेली तर शरीरातलं लोह पार तळाला गेलेलं. वाढीचं वय, दहा तासांचा सराव आणि पोरगं मांस सोडून बसलेलं. मी त्याची माफी मागितली, त्याने ती मोठ्या मनाने घेतली, पण पुढच्या हिवाळ्यात तो फुटबॉलला गेला. त्या वर्षी मला शहाणपण माझ्या मित्राने शिकवलं, म्हणजे खेळलेल्या माणसाने न खेळलेल्याला. त्याने सांगितलं, मुलगा चढावर हळू झाला तर ते काहीही असू शकतं, पण तो उतारावरही आरामाची जागा शोधायला लागला, गुडघे ताठ करून उभा राहायला लागला, की घरी पाठव. हे कोर्सच्या वहीत नव्हतं. हे त्याच्या मांड्यांना आठवत होतं.

वरच्या पातळीवर आता हे लिखित झालंय. फ्रीडा कार्लसन ही सोलेफ्तेओची मुलगी 2019 च्या विश्वस्पर्धेत वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पदकं घेऊन आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीला स्वीडिश संघाने तिला शर्यतींपासून रोखलं, कारण तिची तब्येत संघाच्या निकषांत बसत नव्हती. देशाची सगळ्यात लाडकी नवी खेळाडू, ऐन हंगाम, आणि थांब म्हणायचं. त्यावर वर्तमानपत्रांतून बरंच वादंग झालं. ती काही आठवड्यांनी परतली आणि पुढे जिंकत राहिली. वीस वर्षांपूर्वी असा निर्णय घ्यायची ताकद कोणाकडे होती, असा प्रश्न मला पडतो.

आता कारकिर्दीचा प्रश्न. सुवर्णपदकवाले क्वचितच पूर्णवेळ कोचिंगच्या रस्त्याला लागतात. त्यांना बाकीची दारं उघडी असतात. वासालोपेत नऊ वेळा जिंकणारा मोरा-निस्से, म्हणजे निल्स कार्लसन, पुढे त्याच शर्यतीचा कारभार बघायला लागला. कोच होतात ते बहुधा विसाव्या-तिसाव्या क्रमांकाचे, ज्यांना प्रत्येक सेकंद कमवावा लागला होता. रस्ता साधारण माझ्या मित्रासारखाच: वॅक्सचं काम, क्लब किंवा स्की-जिम्नॅशियम, आणि नशीब असेल तर राष्ट्रीय संघ, जिथे अर्धं वर्ष घराबाहेर जातं. आणि सगळ्यात वरच्या खुर्चीवर स्वीडिश माणूसच बसेल असंही नाही. नॉर्वेच्या इंगे ब्रॉटेनने शेजाऱ्याच्या संघाला हाताशी धरलं आणि 2006 च्या तोरिनो ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या अंतराच्या शर्यतींत, स्वीडनने सुवर्णांची लूट केली. बायथलॉनमध्ये (स्की आणि नेमबाजी एकत्र) जर्मनीचा वोल्फगांग पिखलर. त्याच्या हाताखाली मॅग्डालेना फोर्सबेर्ग, जी आधी साधी क्रॉस-कंट्री स्कीपटू होती, सलग सहा वर्षं वर्ल्ड कप जिंकली.

वॅक्सच्या कामाला मी मुद्दाम रस्त्यातली पहिली पायरी म्हटलं. कोच होणाऱ्या खेळाडूचा अहंकार तिथे उतरतो. क्लासिक स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. मुलीला दोन्ही स्कीवर सपाट जमिनीवर उभं करा आणि पायाखाली कागद सरकवा. वजन दोन्ही पायांवर असताना कागद पुढेमागे हलला पाहिजे. एका पायावर वजन टाकलं की तो अडकला पाहिजे. तेवढाच भाग पकडीचा, तिथेच चिकट वॅक्स, बाकी सगळीकडे घसरणारं. चुकीचं वॅक्स लागलं की जगातलं सगळं तंत्र वाया. तापमान शून्यावर आणि ताजा बर्फ पडत असला की तर देवाचंच नाव घ्यावं, पाच मिनिटांपूर्वी चालणारी स्की खाली बर्फाचा गोळा घेऊन उभी राहते. तुमच्या मुलीची पहिली शर्यत अशा दिवशी आली आणि ती रडत परतली तर कोचला बोल लावू नका, आम्हीही आत रडत असतो. एक काळजीची गोष्टही सांगून ठेवतो. जुन्या फ्लोरिनच्या वॅक्सची डबी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. त्या धुरात वर्षानुवर्षं काम केलेल्या वॅक्सवाल्यांच्या रक्तात ती रसायनं साचल्याचं इथल्याच ओरेब्रोच्या संशोधकांनी दाखवलं होतं, आणि 2023-24 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्यावर पूर्ण बंदी आहे.

आणखी एक जागा आहे जिथे खेळाडूचा कोच होताना दिसतो, ती म्हणजे ट्रॅकची कड. एकेकट्याने सुटायच्या शर्यतीत आपण कितवे आहोत हे खेळाडूला कळत नाही. जंगलात, चढाच्या पायथ्याशी, एका हातात फोन, एका हातात घड्याळ घेऊन कोच उभा असतो आणि खेळाडू समोरून जाते त्या तीन सेकंदांत त्याला काय ते सांगायचं असतं. माझा मित्र पहिल्या हंगामात अख्खं व्याख्यान द्यायचा. "खांदे सैल, नितंब वर, पुढचीला पकड, तू आठवी आहेस, नाही सातवी…" मुलगी वळणापार गेलेली असायची. आता तो फक्त एक आकडा, म्हणजे किती सेकंद, आणि एक शब्द बोलतो. "चार मागे. खांदे."

2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या रिलेत स्वीडनची शार्लोट काल्ला शेवटच्या टप्प्याला सुटली तेव्हा 25.7 सेकंद मागे होती, आणि जिंकली. तो टप्पा मी मुलांना दाखवतो, पण आवाज बंद करून आणि तिच्याकडे न बघता. बघायचं कडेला उभ्या असलेल्या स्वीडिश माणसांकडे, चढागणिक कोण कुठे उभा आहे ते. माझा मित्र शेजारी बसून पॉपकॉर्न खातो आणि दर वेळी त्याच जागी म्हणतो, "इथे मी उभा असतो तर नक्की जास्त बोललो असतो."

तर मुलीला मैत्रिणींच्या गटात घाला, आणि तुम्ही स्वतः क्लबच्या खोलीत जाऊन विचारा की शनिवारी सॉसेज कोण भाजणार आहे.